कंप पावणारा हात आणि ताटातला घास



व्यवसायोपचार परिषदेच्या अध्यक्षपदाच्या सन्मानाबद्दल संयोजकांचे आभार मानणे आणि १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराच्या शिक्षणाचा पाया घालणाऱ्या कमला निंबकर यांचे स्मरण करणे, ही दोन कर्तव्ये प्रथम पार पाडली पाहिजेत. अध्यक्षीय भाषणातून विषयाचा आढावा अपेक्षित असतो. तो येथे थोडक्यात आटोपला जाईल, कारण कंपावरील साधनांविषयीची एक तक्रार या व्यासपीठावरून फार पूर्वीच मांडली जायला हवी होती.

पार्किन्सनच्या आजारातील कंप हात स्वस्थ असताना अधिक दिसतो आणि त्याची गती सेकंदाला साधारण चार ते सहा आंदोलने असते. इसेन्शियल ट्रेमर म्हणून ओळखला जाणारा कंप मात्र हात कामाला लागला की उफाळतो आणि अनेकांच्या बाबतीत घास ओठांजवळ येताना सर्वाधिक वाढतो. जड मुठीचे चमचे व मनगटावरच्या वजनपट्ट्या हाताचे जडत्व वाढवून आंदोलनाचा आवाका घटवतात, मात्र अशक्त हाताला त्या लवकर थकवतात. २०१४ साली गुगलने घेतलेल्या लिफ्टवेअरच्या चमच्यात संवेदक हाताची थरथर टिपतो आणि लहान मोटारी चमच्याचे टोक उलट दिशेला हलवून ते स्थिर राखतात. मनगटावरून मज्जातंतूंना सौम्य विद्युत्-उत्तेजन देणाऱ्या साधनालाही अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळाली.

यांपैकी चमच्यांवर जगभर सर्वाधिक बुद्धी खर्च झाली, आणि ते सारे जेवणारा चमच्यानेच जेवतो असे धरून चालतात. जेबसन-टेलर या प्रसिद्ध हस्तकार्य चाचणीतसुद्धा भोजनाची परीक्षा म्हणजे चमच्याने राजम्याचे दाणे उचलणे. भाकरी मोडणे, तिच्या तुकड्यात पिठले धरणे, वरणभात कालवून पाच बोटांनी घास करणे, या क्रियांना त्या परीक्षेत एकही गुण नाही, आणि तरीही हीच चाचणी आपल्या विभागांतून वर्षानुवर्षे निमूटपणे वापरली जाते, हे अक्षम्य आहे.

चमचा जड असावा की विजेवर चालणारा, हा सहकाऱ्यांचा वाद प्रस्तुत वक्त्याच्या दृष्टीने सातारा भागातील एका निवृत्त शिक्षकांच्या उपचारातच निकालात निघाला. मुलाने परदेशातून पाठवलेला स्थिर राहणारा चमचा त्यांच्या हातात उत्तम चालत होता, चाचणीतील कामगिरीही सुधारली होती, तरी ते घरच्या पंगतीला बसेनासे झाले होते; चमच्याने भाकरी मोडत नाही आणि सुनेने कुस्करून दिलेली त्यांना नको होती. अखेरीस त्यांचे ताट चौरंगावर ठेवले गेले आणि उजवा गुडघा उभा करून त्यावर कोपर टेकवायला सांगितले गेले. जुन्या माणसांची ही सहज बैठकच साधन ठरली, कारण खांद्याकडून येणारा कंप कोपराच्या आधाराने अडला, ताट ते तोंड हे अंतर कमी झाले, आणि बोटांत उरलेली थरथर भाकरीच्या तुकड्याला सोसवली. ते पुन्हा सर्वांबरोबर जेवू लागले.

गुडघे धरलेल्यांना जमिनीवर बसवता येत नाही, हा आक्षेप रास्त आहे. त्यांच्यासाठी टेबलावर उभ्या गुडघ्याइतक्याच उंचीचा कोपराचा आधार, उभ्या काठाचे ताट आणि त्याखाली न सरकणारी रबरी चटई पुरते, आणि तो आधार गावचा सुतारही करू शकतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील एकवीस प्रकारांत पार्किन्सनचा आजार येतो, इसेन्शियल ट्रेमरचा स्वतंत्र उल्लेख नाही. महाग साधनाचा भार त्यामुळे बहुधा घरावरच पडतो, म्हणूनही या स्वस्त उपायाची उपेक्षा अधिक बोचते.

हाताने जेवण्याची प्रमाणित चाचणी तयार करण्याचे काम परिषदेने स्वीकारावे. तिचा आराखडा कार्यकारिणी यथावकाश ठरवील, आणि कोकणातल्या भातापासून विदर्भातल्या ज्वारीपर्यंतचे घास तिच्यात यावेत. तोवर, रुग्णाच्या हाती चमचा देण्याआधी तो घरी काय जेवतो आणि कुठे, कसा बसून जेवतो, हे विचारून त्याच्या नोंदपत्रात लिहिण्याची पद्धत तरी प्रत्येक विभागाने उद्यापासून सुरू करावी.