स्वॅब कानाच्या रोखाने
2020 साली बीड जिल्ह्यातल्या डॉक्टरांपुढे प्रश्न होता: कोरोनासाठी नाकातला नमुना नीट घ्यायचा कसा? सगळ्यांना एकत्र बसवून शिकवणं धोक्याचं. अशा वेळी व्हिडिओ कामी येतो. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने त्याच वर्षी एप्रिलमध्ये असा व्हिडिओ प्रसिद्ध केला होता.

नवखा हात हमखास स्वॅब, म्हणजे नमुना घ्यायची काडी, वर, डोळ्याच्या दिशेने नेतो. स्वॅब जायला हवा सरळ मागे, नाकाच्या तळालगत, कानाच्या रोखाने. अडला तर जोर लावायचा नाही. मागे टेकला की काही सेकंद थांबायचं, फिरवत काढायचा. आकृतीत हे कळत नाही, हालचालीत कळतं. रुग्णाने मान झटकली तर मात्र शेजारी अनुभवी माणूसच हवा.

मग नमुना थंड पेटीतून प्रयोगशाळेकडे, अंबाजोगाईला.