चौकशी नव्हे, जिज्ञासा

(कशेळी येथे गोदामांतील पर्यवेक्षकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



ठाण्याहून बाळकुमचा रस्ता धरून खाडीवरचा पूल ओलांडला की कशेळी लागते. जिथे भाताची खाचरे होती, तिथे आज गोदामे उभी आहेत. त्यांत येथील आगरी भूमिपुत्र, मराठवाड्यातून आलेला तरुण आणि उत्तर प्रदेशचा हमाल एकाच छपराखाली दिवस घालवतात. परस्परांविषयी त्यांना काय ठाऊक असते? बहुधा आडनाव. आणि आपल्याकडे आडनाव विचारणे ही जात ताडून पाहण्याची सभ्य रीत आहे. उत्तर मिळाले की पुढचा प्रश्नच उरत नाही.

आपल्या मराठीने येथे मोठा सूक्ष्म भेद केला आहे. चौकशी ‘लावली’ जाते, जिज्ञासा मात्र मनात ‘जागते’. (भोचकपणाला जागावे लागत नाही, तो झोपतच नाही!)

पोलीस आणि चौकशी हे तर जन्माचे सोबती. तरीही या भेदाचे उत्तम उदाहरण पोलीस खात्यातलेच आहे, आणि तेही आपल्या शेजारच्या भिवंडीतले. १९७० आणि १९८४च्या दंगलींनी हे शहर होरपळले होते. १९८८मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून तेथे आले. त्यांनी मोहल्ला समित्या उभारल्या. दोन्ही समाजांतील सामान्य माणसे त्यांत पोलिसांसह एकत्र बसू लागली आणि आपापल्या वस्तीच्या रोजच्या अडचणी बोलू लागली. एरवी आरोपीचा पत्ता विचारणारा शिपाई माणसांना नावाने ओळखू लागला. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३मध्ये मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. सारे श्रेय समित्यांचेच, असे मी म्हणणार नाही. सूतव्यापारी, मागमालक आणि कामगार यांचे पोटही एकमेकांवर अवलंबून होते. पण ते अवलंबन १९८४मध्येही होतेच की!

आता थोडे स्वतःविषयी. पत्रकारितेच्या उमेदवारीत मी भिवंडीतील एका यंत्रमाग कारखान्यात गेलो होतो. मजुरी किती, पाळी किती तासांची, गाव कोणते, असे प्रश्न वहीत लिहूनच नेले होते. एक तेलुगू विणकर हो-नाहीत उत्तरे देत होता. सहज विचारले, “धोटा उसळून बाहेर आला तर?” त्याने कपाळावरची खूण दाखवली आणि मग तो तासभर बोलत राहिला. खडखडाटात ओठांवरून शब्द कसे ओळखायचे, आवाजावरून मागाचे दुखणे कसे कळते, हे सारे त्याने सांगितले. बातमी मात्र मी मनात आधीच रचून नेली होती. तीच छापली. त्याचे एक वाक्यही तीत नव्हते.

पुढच्या खेपेस गेलो, तेव्हा त्याने मान वर केली नाही.

तिसऱ्यांदा गेलो तो वही न घेता. चूक कबूल केली आणि म्हटले, “त्या दिवशी आवाजाचे सांगत होतात, ते मला नीट कळले नव्हते. पुन्हा सांगाल?” क्षणभर त्याने माझ्याकडे पाहिले आणि माग थांबवला. मीटरवर मजुरी घेणारा माणूस चालता माग थांबवतो म्हणजे काय करतो, हे नगावर हिशेब करणाऱ्या तुम्हा मंडळींना मी सांगायला नको.