पाच माणसं, अडीच तिकिटं

आज मी नारपोलीहून, घरातूनच बोलतेय. मागे लूमची खटखट ऐकू येईल, तेवढं सांभाळून घ्या. आम्हाला तर ती ऐकू आली की बरं वाटतं. शेजारचा कारखाना बंद असला की रात्री झोप लागत नाही, अशी आमच्या गल्लीची तऱ्हा.

आजचा विषय आहे, हात आखडता असताना फिरायला जावं का? म्हणजे उद्याचा पगार किती येईल हे माहीत नसताना घरच्यांना घेऊन बाहेर पडावं का?

भिवंडीत हा प्रश्न नवा नाही. आमच्याकडे लूम चालला तर मीटर, आणि मीटर भरले तर पगार. 2016 च्या नोव्हेंबरात नोटाबंदी आली, 2017 च्या जुलैत जीएसटी आला, 2020 मध्ये टाळेबंदी. या वर्षांत कितीतरी लूम भंगारात गेले. जिथे कापड विणलं जायचं तिथे कुठे कुठे आता गोदाम आहे. जे लूम उरले, त्यांनाही मंदी अधूनमधून गाठतेच.

मागच्या हिवाळ्यात आमचे हे जिथे कामाला आहेत तिथे मालाला उठाव नव्हता. आठवड्यातून दोन दिवस लूम बंद. मग आम्ही काय केलं? सगळे करतात तेच. रविवारची भेळ बंद, माहेरी जाणं बंद, तलावावर चक्कर मारणंसुद्धा बंद. तलावावर जायला काय पैसे पडतात हो? पण गेलो की मुलं काहीतरी मागतील, ही भीती. मुलांना कारण काही सांगितलं नाही. म्हटलं, लहान आहेत, त्यांना काय कळतंय.

मग एक दिवस मुलीचा कंपास आवरताना घडी घातलेला कागद सापडला. शाळेच्या सहलीचं पत्रक. सातशे रुपये. तारीख उलटून गेलेली. मी विचारलं, तर म्हणाली, "मला जायचंच नव्हतं गं आई." सातवीतली पोर! ह्यांनी ते ऐकलं आणि अर्ध्या ताटावरून उठले.

रात्री आमचं भांडण झालं. हे म्हणाले, उसने पैसे काढतो, मुलांना वॉटर पार्कला नेतो. मी म्हटलं, उसने काढून मजा केली तर परतीच्या वाटेवरच ते फेडायची चिंता सुरू होईल. दोघंही आपापल्या जागी बरोबर आणि दोघंही चुकलेले. शेवटी सासूबाई बोलल्या, "अरे, वज्रेश्वरी काय लांब आहे? एसटीनं जाऊ. डबा घेऊ. कुंडात पाय सोडून बसू."

आता हिशोब बघा. आम्ही पाच जण. सासूबाईंना पंचाहत्तर पूर्ण झालीत, त्यांना एसटी फुकट. ही अमृत ज्येष्ठ नागरिक योजना 2022 पासून आहे, आधार कार्ड मात्र जवळ ठेवा. मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट, म्हणजे मी आणि लेक अर्ध्यात. मुलगा तिसरीत, त्याचं लहान म्हणून अर्धं. पूर्ण तिकीट फक्त ह्यांचं. पाच माणसं, अडीच तिकिटं!

भिवंडी स्टँडवरून अंबाडीमार्गे गेलो. मंदिराला बावन्न पायऱ्या आहेत, सासूबाई तीनदा बसल्या. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी देवीला नवस बोलला आणि 1739 मध्ये किल्ला सर झाल्यावर हे मंदिर उभं राहिलं, असं सांगतात. मुलाला तटबंदी बघूनच आनंद झाला. त्याच्या लेखी तो किल्लाच. मग अकलोलीला तानसा नदीकाठचे गरम पाण्याचे कुंड. तिथे आधी हात घालून बघा हं, पाणी चांगलंच कढत असतं. चपात्या, बटाट्याची भाजी, ठेचा, एवढंच जेवण होतं. हे तिथल्या सावलीत तासभर झोपले.

आणि जेवताना आम्ही मुलांना खरं सांगून टाकलं. बाबांचं काम कमी झालंय. शाळा आणि जेवण थांबणार नाही. मोठा खर्च मात्र काही महिने जमणार नाही. मुलगा म्हणाला, "मग भेळ?" सगळे हसलो. परतताना मुलीनं बांगड्या मागितल्या, वीस रुपयांच्या. मंडळी, कितीतरी महिन्यांनी तिनं काहीतरी मागितलं होतं. मी घेऊन दिल्या.

तेव्हापासून आमच्याकडे एक डबा आहे. दर आठवड्याला पन्नास रुपये त्यात जातात. लूम बंद असेल त्या आठवड्यात वीस, पण जातात. किराणा कमी पडला म्हणून त्याला हात लावायचा नाही. दवाखाना निघाला तर लावायचा. डब्यात असेल तेवढ्यातच फिरायचं, उसनं नाही. आणि निघायच्या आधी मुलांना आकडा सांगायचा, म्हणजे ती स्वतःच ठरवतात, आइस्क्रीम की पाळणा. डबा रिकामा असेल तर कामतघरला वऱ्हाळदेवी तलावाच्या काठावर शेंगदाण्याची पुडी घेऊन बसतो. तेही फिरणंच.

यानं मंदी जात नाही हो. सुताचा भाव आपल्या हातात नाही, लूम चालणं आपल्या हातात नाही. आणि ज्या घरी चूलच अडलीय त्यांनी आधी चुलीचं बघावं, तिथे माझा डबा काय कामाचा. पण पैसे जरा कमी झाले की आपण पहिल्यांदा एकमेकांबरोबर बसणं कापतो, कारण त्याचं बिल येत नाही. आमच्याकडे ते बिल मुलीच्या कंपासमध्ये सापडलं.

तर या रविवारी घरात विचारा, कमीत कमी खर्चात कुठे जाता येईल? तुमच्या गावाजवळचं ठिकाण आणि तिथवरचा खर्च मला नक्की कळवा. पुढच्या भागात त्यातली काही ठिकाणं सांगेन. चला, भेटू. काळजी घ्या.