समजून-उमजून घेतलेला बाप्तिस्मा

बाप्तिस्मा म्हटलं की तान्ह्या बाळाच्या कपाळावरचं पाणी आठवतं. बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथात मात्र बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत. माणसानं स्वतः विश्वास ठेवावा, चारचौघांत तो कबूल करावा, मगच पाण्यात उतरावं. तिथं त्याला पूर्ण बुडवून वर काढतात. बुडणं म्हणजे ख्रिस्ताबरोबर मरण, वर येणं म्हणजे नवं जीवन.

१८०५ साली मराठीचं व्याकरण छापणारे विल्यम कॅरी याच पंथाचे मिशनरी. २८ डिसेंबर १८०० रोजी बंगालमधल्या श्रीरामपूरला, हुगळी नदीत त्यांनी कृष्ण पाल या सुताराला बाप्तिस्मा दिला. मला मोलाचं वाटतं ते पुढचं: त्याच दिवशी, त्याच पाण्यात कॅरींचा मुलगा फेलिक्सही उतरला. मिशनऱ्याच्या पोटी जन्मला म्हणून त्याला सूट नव्हती.