एकट्या मुलाचे उत्तर



"समजले ना?" असे आपण विचारतो आणि सारा वर्ग एका सुरात "हो, गुरुजी" म्हणतो. त्या होकारात समजलेले किती आणि सुरात सूर मिसळणारे किती, हा प्रश्न मी आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

अमेरिकेतील स्वार्थमोर कॉलेजचे मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांचे यासंबंधीचे प्रयोग १९५१ पासून प्रसिद्ध झाले. सात ते नऊ तरुण एकत्र बसवीत. एका पत्त्यावर एक रेषा, दुसऱ्यावर तीन. पहिलीएवढी रेषा कोणती, हे प्रत्येकाने मोठ्याने सांगावयाचे. त्यांतील एक सोडून बाकी सर्वांना आधीच शिकवून ठेवलेले असे. अठरांपैकी बारा वेळा ते एकमुखाने चूक उत्तर देत. एकट्याने पाहताना शंभरात एकही चूक होत नसे. पण या बारा वेळी, १९५५ च्या वृत्तान्तानुसार, १२३ तरुणांची शेकडा ३६.८ उत्तरे बहुमताकडे झुकली. मात्र सुमारे एकचतुर्थांश तरुण एकदाही ढळले नाहीत.

आणखी दोन गोष्टी आपल्या विशेष उपयोगाच्या आहेत. खरे उत्तर देणारा एक जरी सोबती मिळाला, तरी चुका सुमारे चौथाईवर येत. उत्तर मोठ्याने न सांगता लिहावयास दिले, तरीही त्या पुष्कळ घटत.

हे आकडे कॉलेजातील तरुणांचे आहेत. ते आपल्या मुलांना जसेच्या तसे लावू नयेत. बोध मात्र घ्यावा. "एकतृतीयांश मोठा की एकचतुर्थांश?" असे विचारताच, तीनापेक्षा चार मोठे म्हणून पुष्कळ मुले "एकचतुर्थांश" असे ओरडतात. ज्याला खरे कळले आहे, तो अशा वेळी गप्प बसतो. आपणही पुढे जातो, आणि वर्गाची चूक पुढील इयत्तेपर्यंत झाकून राहते.

म्हणून प्रथम सर्वांनी उत्तर पाटीवर लिहावे, पाटी पालथी ठेवावी, मग एकदम वर करावी. हुशार ठरलेल्या मुलास आधी विचारू नये. वेगळे उत्तर आले, तर बरोबर-चूक सांगण्यापूर्वी "तुला असे का वाटते?" एवढे शांतपणे विचारावे. कोणी हसल्यास त्यास आवरावे.

एकट्या मुलाला लागणारा तो एक सोबती वर्गात कोणी नसेल, तर तो आपणच व्हावयाचे आहे. त्याचे उत्तर चुकीचे असले तरीही विचार करण्याच्या त्याच्या धैर्यास आपली साथ असावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.