अकाली जन्मलेल्या बाळाचा मेंदू : पहिले ७२ तास
(वार्षिक सभेतील भाषण)



नवजात अतिदक्षता विभाग म्हटला, की व्हेंटिलेटर आणि इन्क्युबेटर डोळ्यांसमोर येतात. आज मी सहसा न दिसणाऱ्या संकटाविषयी बोलणार आहे : अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मेंदूतील रक्तस्राव.

गर्भाच्या मेंदूतील द्रवाच्या पोकळ्यांलगत एक नाजूक थर असतो. त्यातील रक्तवाहिन्यांच्या भिंती अतिशय पातळ असतात. साधारण ३४ आठवड्यांपर्यंत हा थर विरून जातो. त्यापूर्वी, विशेषतः ३२ आठवड्यांच्या आत, जन्म झाल्यास रक्तदाबातील चढउतार या वाहिन्यांना सोसवत नाहीत. बहुतेक रक्तस्राव पहिल्या ७२ तासांत होतात. टाळूवरून केलेल्या सोनोग्राफीत ते दिसतात.

१९७८ मध्ये पपाइल व सहकाऱ्यांनी त्यांच्या चार श्रेणी मांडल्या. चौथ्या श्रेणीत पोकळीतील रक्तच आजूबाजूच्या मेंदूत पसरते, असा समज होता. पुढे उमगले, की साकळलेल्या रक्तामुळे शेजारची शीर दबते, परतीचे रक्त तुंबते आणि तेथील ऊतींचा नाश होतो. ही हानी भरून काढणारे औषध आजही नाही. म्हणून प्रतिबंधालाच सर्वाधिक मोल आहे.

तो जन्माआधीच सुरू होतो. मुदतपूर्व प्रसूतीची चिन्हे दिसताच मातेला स्टेरॉइडची इंजेक्शने दिल्यास बाळाची फुप्फुसे सावरतात आणि मेंदूतील रक्तस्रावाचा धोकाही घटतो. भारत सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत डेक्सामेथासोनच्या ६ मिलिग्रॅमच्या चार मात्रा, १२ तासांच्या अंतराने, सांगितल्या आहेत. हे औषध स्वस्त आहे. गरज आहे ती माता वेळेत पोहोचण्याची. बाळाला जन्मानंतर हलवण्यापेक्षा मातेलाच प्रसूतीपूर्वी सुसज्ज रुग्णालयात आणणे केव्हाही श्रेयस्कर.

जन्मानंतर बाळाचे डोके सरळ रेषेत ठेवणे, सलाईन सावकाश देणे, अनावश्यक हाताळणी टाळणे, ही कामे परिचारिकांची. यंत्रावर दात्याच्या नावाची पाटी लागते. त्यांच्या हलक्या हातांवर लागत नाही. तरीही त्यांच्या प्रशिक्षणासाठी आणि पुरेशा संख्येसाठी दिलेला रुपया तितकाच सत्कारणी लागतो.

पालकांना एवढेच सांगणे, की रक्तस्रावाचे निदान म्हणजे भविष्याचा निकाल नव्हे. पहिल्या दोन श्रेणींतील बहुतेक रक्तस्राव आपोआप शोषले जातात. गंभीर श्रेणींत डोक्यात पाणी साठण्याची आणि हातापायांत ताठरपणा येण्याची भीती असते. मात्र वेळीच ओळख पटली, तर उपचारांचा उपयोग होतो. म्हणून डोक्याचा घेर मोजून घ्या आणि तपासणीची एकही तारीख चुकवू नका.