पंचवीस फेऱ्या

(नाकाडोंगरी येथे मुलींच्या वसतिगृहाच्या हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या अंकात वसतिगृहाचा जमाखर्च छापून आला. तो वाचून आपल्यापैकी काहींनी विचारले, "धान्य, औषधे, वह्यापुस्तके समजले, पण पळण्याचे बूट, जादा दूध, गूळ-शेंगदाणे आणि स्पर्धांचा प्रवासखर्च हे काय आहे? आम्ही देणगी गरिबांसाठी दिली, खेळासाठी नाही." प्रश्न रास्त आहे. महिन्याच्या पगारातून बाजूला काढून जो देतो, त्याला हिशेब मागण्याचा पूर्ण हक्क आहे. मी आयुष्यभर शाळेत पी.टी. घेतली, म्हणून उत्तर देण्याचे काम माझ्याकडे आले.

आपल्या मुलींच्या खोलीत भिंतीवर एका धावपटूचे चित्र लावलेले आहे. ती कविता राऊत. नाशिक जिल्ह्यात हरसूलच्या बाजूला सावरपाडा नावाचा आदिवासी पाडा आहे, तिथली ही मुलगी. जन्म 5 मे 1985 चा. वडील वनखात्यात नोकरीला. नाकाडोंगरीच्या लोकांना अशा घराची कल्पना वेगळी द्यायला नको. आपल्याभोवतीही जंगल आहे आणि वनखात्याच्या पगारावर चालणारी घरे आहेत. त्या डोंगराळ भागात पावसाळ्यात धो धो पाऊस आणि उन्हाळ्यात पाण्यासाठी पायपीट. कविता पळायला लागली ती अनवाणीच. पळायला बॅट लागत नाही, रॅकेट लागत नाही. गरिबाच्या लेकराला परवडणारा तेवढा एकच खेळ.

शालेय स्पर्धांतून तिची चमक दिसली आणि नाशिकचे प्रशिक्षक विजेंदरसिंग यांच्या हाताखाली तिचा सराव सुरू झाला. पुढे लोक तिला 'सावरपाडा एक्स्प्रेस' म्हणू लागले. नाव झकास आहे, पण त्या नावामुळे एक गैरसमज पसरतो. जणू ही मुलगी डोंगरातून सुटली ती थेट दिल्लीच्या स्टेडियमवर जाऊन थांबली!

ऑक्टोबर 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ती 10,000 मीटरच्या शर्यतीत उतरली. चारशे मीटरच्या धावपट्टीवर पंचवीस फेऱ्या. पुढे केनियाच्या दोघी, ग्रेस मोमान्यी आणि डोरिस चँगेवो. कविता तिसरी आली. वेळ 33 मिनिटे 5.28 सेकंद. मिल्खासिंग यांनी 1958 साली कार्डिफला सुवर्ण मिळवले होते, त्यानंतर या स्पर्धेत धावपट्टीवरचे वैयक्तिक पदक आपल्या देशाला मिळाले ते तब्बल बावन्न वर्षांनी, आणि ते मिळवले एका आदिवासी मुलीने. धावण्यात असे पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री ठरली.

पण मला जास्त मोल वाटते ते पुढच्या शर्यतीचे. सहा आठवड्यांनी चीनमधील ग्वांगझूला आशियाई स्पर्धा झाल्या. तेच अंतर, त्याच पंचवीस फेऱ्या. या वेळी तिने 31 मिनिटे 51.44 सेकंद वेळ दिली आणि रौप्यपदक घेतले. सुवर्ण केरळच्या प्रीजा श्रीधरनला मिळाले. दोघींमध्ये एका सेकंदाचेही अंतर नव्हते. दीड महिन्यात सव्वा मिनिटाच्या आसपास सुधारणा! दर फेरी सुमारे साडेशहात्तर सेकंदांची, आणि अशा पंचवीस, एकामागून एक. माझ्यासारख्या पी.टी. मास्तराला तो आकडा पाहून टोपी काढावीशी वाटते. 2012 मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. 2016 मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत मॅरेथॉनचे सुवर्ण तिने 2 तास 38 मिनिटे 38 सेकंदांत घेतले आणि त्याच वर्षी रिओच्या ऑलिंपिकला गेली. तिथे ती 120 वी आली. हेही मी मुलींना सांगतो. जगातल्या उत्तम धावपटूंमध्ये एकशेविसावे येण्यासाठी आधी तिथवर पोचावे लागते.

आता कोणी म्हणेल, आदिवासी मुले काटकच असतात, डोंगर चढून चढून त्यांना दम येतो, त्यांना कशाला दूध आणि बूट? हे मी फार वेळा ऐकले आहे, आणि दरवेळी मला राग येतो. डोंगर चढून पदके मिळाली असती, तर सातपुड्यापासून गडचिरोलीपर्यंत दर पाड्यावर एक तरी अर्जुन पुरस्कार असता. केनियाचेच पाहा. तिथे इटेन नावाच्या गावात सेंट पॅट्रिक्स ही मिशनरी शाळा आहे. 1976 साली आयर्लंडहून ब्रदर कॉल्म ओकॉनल तिथे भूगोल शिकवायला आले. धावण्याच्या प्रशिक्षणाचा त्यांना काही अनुभव नव्हता. मुलांबरोबर मैदानावर उभे राहत, पाहत पाहत ते शिकले आणि तिथेच राहिले. त्या शाळेच्या पीटर रोनोने 1988 मध्ये सोलला 1500 मीटरचे ऑलिंपिक सुवर्ण जिंकले. ब्रदर कॉल्म यांच्या हाताखालीच तयार झालेला डेव्हिड रुडिशा 2012 मध्ये लंडनला 800 मीटर 1 मिनिट 40.91 सेकंदांत धावला. तो जागतिक विक्रम होता. उंच डोंगर केनियात पूर्वीपासूनच होते. भूगोलाचे मास्तर मात्र वर्षानुवर्षे रोज मैदानावर येत राहिले.

राहिला दुसरा प्रश्न, आणि तो अधिक अवघड आहे: पोट आधी की खेळ आधी?

यासाठी थोडे दूर जाऊ. नॉर्वे देशात बर्फावर स्केट घालून शर्यती होतात. त्यांचीही धावपट्टी चारशे मीटरची असते, आणि त्यांच्याही 10,000 मीटरच्या शर्यतीत पंचवीसच फेऱ्या! तिथला योहान ओलाव कॉस हा फार मोठा विजेता. 1994 मध्ये त्याच्याच देशात, लिलेहॅमरला हिवाळी ऑलिंपिक झाले. त्यात त्याने 1500, 5000 आणि 10,000 मीटर या तिन्ही शर्यती जिंकल्या आणि तिन्हींत जागतिक विक्रम केले. शेवटची 13 मिनिटे 30.55 सेकंदांत.

त्या खेळांच्या काही महिने आधी एका मदतकार्याचा प्रतिनिधी म्हणून तो आफ्रिकेतील एरिट्रियाला गेला होता. तीस वर्षांच्या लढाईतून तो देश नुकताच मोकळा झाला होता. तिथे त्याला काही मुले खेळताना दिसली. त्यांच्यातला एक मुलगा सर्वांचा फार लाडका होता. कारण कळले तेव्हा कॉस थक्क झाला. त्या मुलाच्या सदऱ्याला लांब बाह्या होत्या! सदरा काढायचा, गुंडाळायचा, बाह्यांची गाठ मारायची, की झाला चेंडू. कॉसने खरा फुटबॉल घेऊन परत येण्याचे वचन दिले. लिलेहॅमरला 1500 मीटर जिंकल्यावर मिळालेली बक्षिसाची रक्कम त्याने त्या मदतकार्याला देऊन टाकली आणि देशबांधवांनाही देण्याचे आवाहन केले. पुढे तो खेळाचे साहित्य घेऊन खरोखरच एरिट्रियाला गेला. तेव्हा टीका झाली की, उपाशी देशाला चेंडू कशाला? त्यालाही तिथे पोचल्यावर संकोच वाटला. त्याने ही गोष्ट पुढे अनेकदा सांगितली आहे: तिथल्या राष्ट्राध्यक्षांना तो याबद्दल बोलला, तर ते म्हणाले की ही आम्हाला मिळालेली सर्वांत मोठी भेट आहे, आजवर लोकांनी आम्हाला केवळ जगवण्यापुरते पाहिले, माणूस म्हणून कोणी पाहिले नाही. पुढे 2000 साली कॉसने 'राइट टू प्ले' ही संस्था काढली.

पवित्र शास्त्रात जखऱ्या संदेष्ट्याच्या आठव्या अध्यायात पुन्हा वसलेल्या यरुशलेमेचे चित्र आहे. म्हातारी माणसे काठी टेकून चौकात बसली आहेत आणि रस्ते खेळणाऱ्या मुलामुलींनी भरले आहेत. देव ज्या नगराला आशीर्वाद देतो, त्याची खूण म्हणून संदेष्ट्याला खेळणारी मुले दिसतात. मी कित्येक वर्षे तो अध्याय वाचला, पण या ओळीपाशी थांबलो ते अलीकडेच.

आता आपल्या मुलींकडे येतो. काही गोंड घरांतल्या आहेत, काहींचे आईबाप मोहफूल आणि तेंदूपाने वेचतात, काहींचे डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणीकडे मजुरीला जातात. आपल्या भागात सिकलसेल आहे, हे आपण जाणता. म्हणून कोणत्याही मुलीला पळायला उतरवण्याआधी तिच्या रक्ताची तपासणी करून घेतो. जिला तो आजार आहे, तिला लांब पळवत नाही. तिच्या हाती घड्याळ आणि वही असते, आणि आमच्या सर्वांत चोख नोंदी तिच्याच असतात. जी वाहक आहे, तिला उन्हात दमवत नाही, वरचेवर पाणी देतो. बाकीच्यांनाही रक्त कमी असेल तर आधी औषध आणि खाणे, मग फेऱ्या. जमाखर्चातले दूध आणि गूळ-शेंगदाणे ते हेच. तेव्हा पोट आणि खेळ असे दोन वेगळे रकाने आम्हाला पाडता आले नाहीत. पळणाऱ्या मुलीच्या खाण्याकडे घरचेही लक्ष देऊ लागतात, हे मी इथेच पाहिले. मुलगी तुमसरला स्पर्धेत नंबर काढून आली, की तिच्या लग्नाची बोलणी वर्षभर तरी पुढे ढकलली जातात. हा हिशेब पावतीवर छापता येत नाही.

यांच्यातून कविता राऊत निघेल असे वचन मी देत नाही. ते देणारा खोटे बोलेल. एवढेच सांगतो की, बूट आठ-दहा महिन्यांत झिजतात आणि मुलींचे पाय त्याहून लवकर वाढतात. म्हणून हा खर्च दरवर्षी राहणार आहे, आणि पुढच्या वर्षीही तो याच नावाने, वेगळ्या ओळीत छापला जाईल. कोणत्या पैशातून तो करावा हे आज आपण ठरवायचे आहे. ज्यांना आपली देणगी फक्त धान्यासाठी द्यायची असेल त्यांनी पावतीवर तसे लिहावे, ती धान्यालाच जाईल.

मुली शनिवारी सकाळी सहाला मैदानावर असतात. चुन्याने आखलेली फेरी आहे, चारशे मीटरची, मी टेप धरून मोजली आहे. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी यावे, आणि घड्याळ असेल तर सोबत आणावे.